लाल गोळीमागची डॉक्टर

बाईला दिवस गेले की सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्यांची पाकिटं घरी येतात. आपण त्यांना रक्तवाढीच्या किंवा लोहाच्या गोळ्या म्हणतो. पण त्या एवढ्याशा गोळीत लोहाच्या जोडीला आणखी एक औषध असतं, फॉलिक अॅसिड. या दुसऱ्या औषधाचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत, परळच्या गिरणगावात. आणि तो काढला डॉ. ल्युसी विल्स नावाच्या एका इंग्रज बाईने.

ल्युसीचा जन्म 10 मे 1888 चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घरचा कारखाना विळे-कोयत्यांसारखी अवजारं बनवण्याचा. खाऊनपिऊन सुखी घर, वडील स्वतः विज्ञान शिकलेले. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला कुणी आडवं आलं नाही. 1907 मध्ये ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली, वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली, परीक्षा पास झाली. पण पदवी नाही! केंब्रिजने बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी द्यायला सुरुवात केली ती थेट 1948 मध्ये. आपण उगीच समजतो की साहेबाच्या देशात सगळं आधीपासूनच होतं.

पुढे वडील गेले, मग थोरली बहीण गेली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ल्युसी दक्षिण आफ्रिकेत होती. तिथे केपटाऊनला तिने नर्सचं काम केलं आणि परत येऊन 1915 मध्ये लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातलं. 1920 मध्ये डॉक्टर झाली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. आपल्याकडे या वयात बायका म्हणतात, आता काय शिकायचं राहिलंय! प्रॅक्टिस न करता ती रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये संशोधन आणि शिकवण्याकडे वळली.

1928 मध्ये तिला मुंबईचं बोलावणं आलं. डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात बरीच वर्षं काम केलेल्या डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंचा शोध घेत होत्या. खर्च लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट करत होता. गरोदर बायका पांढऱ्याफटक पडायच्या, पाय सुजायचे, दोन पावलं चाललं की दम लागायचा, आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या आसपास दगावायच्या. गिरणीत काम करणाऱ्या बायकांमध्ये हे फार दिसे. हे कशाने होतं, हे शोधायचं काम ल्युसीकडे आलं.

हा अॅनिमिया नेहमीचा नव्हता. लोह कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने थोड्या. पेशी तयार होताना अर्धवटच राहत होत्या जणू.

ल्युसीने मग प्रयोगशाळेबरोबर बायकांच्या ताटाकडेही बघितलं. मला तिचं हेच फार आवडतं. तळपदे, मेहता अशा इथल्या सहकाऱ्यांना घेऊन तिने मुंबईतल्या बायकांची राहणी आणि आहार यांची पाहणी केली. कोण काय खातं, भाजी-फळं-दूध किती पोटात जातं, याचा हिशेब मांडला. ज्यांचं जेवण निकृष्ट त्यांनाच हा आजार जास्त, असं दिसून आलं. सगळ्यात जास्त झळ बसत होती गरीब मुस्लिम बायकांना, कारण त्यांचं खाणंच सगळ्यात अपुरं होतं.

मग तिने पांढऱ्या उंदरांना या गरीब बायकांसारखाच आहार देऊन पाहिला. उंदरांचंही रक्त कमी झालं आणि खाण्यात यीस्ट घातलं की तसं होईना. (पुढे लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणाऱ्या एका रोगानेही तिथे घोळ घातला होता. संशोधन काही सरळ रेषेत जात नाही.) नंतर माकडांवर प्रयोग झाले. यीस्टसाठी तिने वापरलं ते मार्माइट. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा हा काळा, दाट, खारट अर्क. दिसायला आपल्या काकवीसारखा. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात.

हाच स्वस्त पदार्थ तिने आजारी बायकांना दिला. थोड्या दिवसांत रक्त भरू लागलं, बायका उठून बसू लागल्या. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्याआधी 1926 पासून एका वेगळ्या, जीवघेण्या अॅनिमियावर प्राण्यांचं काळीज, म्हणजे लिव्हर, देण्याचा इलाज माहीत झाला होता. पण त्या रोगावर चालणारा शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क या बायकांना लागू पडेना, साधा कच्चा अर्क मात्र चालायचा. म्हणजे यीस्टमध्ये आणि साध्या लिव्हरमध्ये आणखी काहीतरी होतं. त्याला नाव पडलं विल्स फॅक्टर. 1941 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हटलं. ल्युसीचं ते काहीतरी म्हणजे हेच, असं पुढे कळलं.

हे द्रव्य नसेल तर हाडांतल्या मगजात रक्तपेशींची नीट विभागणी होत नाही. गरोदरपणात बाळ वाढत असतं, म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांत ते असतं. भाजी खूप वेळ उकळून पाणी फेकून दिलं की बरंचसं जातं.

आपल्या देशात 1970 पासून गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक अॅसिड सरकारतर्फे दिलं जातं. हल्ली रोज एक अशा किमान 180 गोळ्या गरोदरपणात आणि तितक्याच बाळंतपणानंतर घ्यायच्या असतात. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना अॅनिमिया निघाला. आमच्या कामात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं डाळीच्या डब्यामागे सापडतात. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून भीती वाटते. लोहामुळे रंग काळा होतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जेवणानंतर तासाभराने गोळी घेतली की मळमळ कमी होते. फक्त लगेच वर चहा घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. पण सगळ्यांचं झाल्यावर कढईत उरेल तेवढी भाजी बाईने खायची, ही रीत तशीच आहे आणि गोळी काही ताट वाढत नाही.

ल्युसी 1933 नंतर इंग्लंडला परतली, तरी 1937-38 मध्ये पुन्हा हाफकिनला येऊन गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने गरोदर बायकांना रोज लोह देऊन रक्तावर काय परिणाम होतो, हेही तपासलं. म्हणजे लाल गोळीच्या दोन्ही अर्ध्यांवर तिचं काम आहे. 1947 मध्ये निवृत्त झाल्यावरही घरी बसली नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरत तिथल्या लोकांचं खाणं आणि रक्त तपासत राहिली. लंडनच्या चेल्सी भागात लेबर पक्षाची नगरसेविकाही होती. लग्न केलं नाही. डोंगर चढायची हौस मोठी, आणि कामावर जायचं तर सायकलनेच. 16 एप्रिल 1964 रोजी ती गेली.

गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचं व्यंग बऱ्याच प्रमाणात टळतं, हे 1991 मध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं, तेव्हा ती हयात नव्हती.