भूमिहीनांचे कैवारी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याच्या शब्दास गावात वजन नसते, ही गोष्ट मराठवाड्यातील माणसास पटवून द्यावयास नको. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या अशा लक्षावधी बांधवांसाठी ज्या थोर पुरुषाने आपले उभे आयुष्य वेचले, त्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे अल्पचरित्र या स्मरणिकेद्वारे समाजबंधुभगिनींस सादर करताना आम्हांस धन्यता वाटते.

दादासाहेबांचे पूर्ण नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या खेड्यात 15 ऑक्टोबर 1902 रोजी त्यांचा जन्म झाला. फार मोठ्या पदव्या त्यांच्यापाशी नव्हत्या. धोतर, सदरा आणि खेडवळ बोली हाच त्यांचा थाट. परंतु माणसे जोडण्याची हातोटी आणि घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी हे गुण त्यांच्या ठायी विपुल होते. हे गुण हेरूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना आपला विश्वासू सहकारी मानले.

दि. 2 मार्च 1930 रोजी नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले असता लढ्याचा सारा भार सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने दादासाहेबांनी वाहिला. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास सोसला, पण लोकांचा धीर सुटू दिला नाही. 1937 साली ते मुंबई कायदेमंडळात निवडून आले आणि खेड्यातील गाऱ्हाणी सरकारदरबारी पोहोचू लागली.

या गाऱ्हाण्यांत मोठे गाऱ्हाणे वतनाचे होते. आजच्या मुलांस वतन म्हणजे वैभव वाटेल, परंतु महारवतन हे मुळात बेडीच होते. हाडोळ्याचा एक तुकडा द्यावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात साऱ्या घराण्याकडून अहोरात्र गावकी व सरकारी कामे करवून घ्यावयाची, असा तो प्रकार. पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडत, चाकरी मात्र तसूभरही कमी होत नसे. 1874 च्या वतन कायद्यात बदल व्हावा म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. आज आपल्या धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली व तीस स्वतः बाबासाहेब उपस्थित राहिले, ही आपल्या भूमीस भूषणावह गोष्ट होय. पुढे मुंबई राज्यात 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि ठरावीक रक्कम भरल्यावर ती जमीन चाकरीच्या अटीविना वतनदारांस परत मिळण्याची सोय झाली.

परंतु ज्यांच्यापाशी वतनाचा तुकडाही नव्हता, त्यांचे काय? खेड्यातील भूमिहीनांची चिंता बाबासाहेबांस अखेरपर्यंत लागून राहिली होती. गावोगावची पडीक सरकारी जमीन व गायरान कसणाऱ्यास द्यावे, या मागणीसाठी मराठवाड्यात 1953 सालीच सत्याग्रह झाला होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ही धुरा दादासाहेबांनी खांद्यावर घेतली. 1957 साली नाशिकमधून ते लोकसभेवर गेले. 1959 साली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पक्षातील एका शिकलेल्या गटास हा मार्ग रुचला नाही व फूट पडली. दादासाहेबांस त्याचे दुःख झाले असेल, पण भूमिहीनांची साथ त्यांनी सोडली नाही.

दि. 6 डिसेंबर 1964 रोजी देशव्यापी सत्याग्रहास प्रारंभ झाला. पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी, किमान वेतनाचा कायदा अमलात आणावा, बौद्ध बांधवांस सवलती मिळाव्यात, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, या त्यातील प्रमुख मागण्या. तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुषांनी स्वतःस अटक करवून घेतली. तुरुंग अपुरे पडले. ज्यांनी कधी तालुक्याची कचेरी पाहिली नव्हती अशा मायबहिणी कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. 1968 साली दादासाहेबांस पद्मश्री मिळाली आणि 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या कार्याची फळे सावकाश आली. तैलचित्र 1990 साली लागले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांस चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी योजना 2004 पासून दादासाहेबांच्याच नावाने सुरू झाली. वनजमिनीवरील आदिवासींच्या हक्कास 2006 च्या कायद्याने मान्यता दिली. कसणाऱ्याचा हक्क मानावा, हेच सूत्र या साऱ्यांत आहे.

तथापि कागदावरचा निर्णय आणि सातबाऱ्यावरचे नाव यांत अंतर असते. गायरान कसणारा माणूस दप्तरी शिवायजमेदार म्हणून राहिला, तर त्यास ना पीककर्ज मिळते, ना नुकसानभरपाई, आणि उठविण्याचे भय डोक्यावर टांगलेलेच. शिक्षकी पेशात असताना आम्ही पाहिले की, ऊसतोडीचा हंगाम लागला म्हणजे वर्गातील ज्या मुलांच्या जागा रिकाम्या होत, ती बहुतेक भूमिहीनांचीच असत. ज्या घरी दोन एकर का होईना शेत होते, त्या घरचे मूल परीक्षेपर्यंत टिके. जमिनीचा प्रश्न हा शिक्षणाचाही प्रश्न आहे, तो असा.

म्हणून समाजातील शिकलेल्या तरुणांस आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या वस्तीतील प्रत्येक घराचा सातबारा व फेरफार एकदा वाचून पाहावा. गायरान कसणाऱ्यांच्या दंडाच्या पावत्या व पीकपाहणीचे जुने उतारे जपून ठेवावेत, कारण कसवणुकीचा पुरावा तोच. शासनाकडून मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हे वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे. लग्नकार्यासाठी कोऱ्या कागदावर अंगठा देऊन ती गमावू नये. घरधनिणीचे नावही उताऱ्यावर लागेल असे पाहावे.

दादासाहेबांनी लाखोंना तुरुंगाची वाट दाखविली, ती या एका ओळीतील नावासाठी. ते नाव मिळविणे व टिकविणे हेच त्यांचे खरे स्मारक होय. इत्यलम्.