गाळलेल्या पायऱ्या

स्मरणिकेसाठी लेख मागवले गेले तेव्हा सहली, गॅदरिंग आणि बाकांवर कोरलेली नावं बाकीचे माझ्यापेक्षा चांगली रंगवतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एका लेखिकेविषयी लिहायचं ठरवलं. तिचं नाव मेरी सोमरविल. जन्म १७८० साली स्कॉटलंडमध्ये, मृत्यू १८७२ साली नेपल्समध्ये. आजच्या भाषेत तिला फ्रीलान्स विज्ञानलेखिका म्हणता येईल. नोकरी नाही, पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. विज्ञानातलं अवघड काम समजून घ्यायचं आणि ते इतरांना समजेल असं लिहायचं, हा तिचा उद्योग. सॉफ्टवेअरमधल्या आम्हा मंडळींना एडा लव्हलेस माहीत असते, कारण जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणून तिचं नाव घेतात. ही एडा तरुणपणी मेरीच्या घरी यायची, तिच्याकडून गणितातल्या शंका सोडवून घ्यायची आणि तिच्यासोबत चार्ल्स बॅबेजकडे जायची. मी एडाविषयी वाचता वाचता मेरीपर्यंत पोचले आणि तिथेच रमले.

मेरीचे वडील नौदलात होते, बहुतेक काळ समुद्रावर. बर्न्टआयलंड नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात ती मोकळी वाढली. दहाव्या वर्षाच्या सुमारास तिला मसलबर्गच्या एका निवासी शाळेत घातलं. तिथे मुलींचा बांधा ताठ राहावा म्हणून पोलादी पट्टीची घट्ट काचोळी घालायला लावत, हनुवटीखाली अर्धवर्तुळाकार पट्टी बसवत आणि त्या अवस्थेत शब्दकोशाचं पानच्या पान पाठ करायला देत. हे वाचल्यावर, आपल्याला प्रार्थनेच्या वेळी ताठ उभं राहायला सांगणारे पी.टी.चे सर मला एकदम मायाळू वाटू लागले! मेरीचं शाळाशिक्षण या एका वर्षातच आटोपलं.

बीजगणिताची आणि तिची पहिली भेट झाली ती बायकांच्या फॅशनच्या मासिकात. कोड्यांच्या पानावर आकड्यांमध्ये एक्स आणि वाय ही अक्षरं दिसली आणि ही काय भानगड आहे, याचा तिने पिच्छा पुरवला. मुलीने दुकानात जाऊन गणिताचं पुस्तक मागणं तेव्हा शोभत नसे. शेवटी धाकट्या भावाला शिकवायला येणाऱ्या मास्तरांनी तिला युक्लिडची भूमिती आणि बीजगणिताचं पुस्तक आणून दिलं. ती रात्री जागून अभ्यास करते हे कळल्यावर घरच्यांनी तिच्या खोलीतल्या मेणबत्त्या काढून घेतल्या. मग ती अंधारात पडल्या पडल्या युक्लिडची प्रमेयं मनातल्या मनात सोडवू लागली.

१८०४ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा सॅम्युएल ग्रेग लंडनमध्ये रशियाचा वकील होता. बायकांच्या शिकण्याबद्दल त्याला काडीचं कौतुक नव्हतं. तीनच वर्षांत तो वारला आणि मेरी दोन लहान मुलांना घेऊन माहेरी परतली. आता तिच्या हाती स्वतःचे पैसे होते आणि निर्णयही. तिने उघडपणे गणिताची पुस्तकं घेतली. १८११ मध्ये एका गणिती नियतकालिकातलं कोडं सोडवल्याबद्दल तिला रौप्यपदक मिळालं. पुढच्या वर्षी मावसभाऊ विल्यम सोमरविलशी तिने दुसरं लग्न केलं. विल्यम डॉक्टर होता. ग्रंथालयांतून बायकोसाठी संदर्भ शोधून आणणं, तिची हस्तलिखितं उतरवून काढणं, मुद्रितं वाचणं ही कामं त्याने आयुष्यभर आनंदाने केली.

मार्च १८२७ मध्ये, मेरी सेहेचाळीस वर्षांची असताना, विल्यमला हेन्री ब्रूमचं पत्र आलं. सामान्य वाचकांसाठी स्वस्त पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेचा तो पुढारी होता. लाप्लासचा खगोलयांत्रिकीवरचा पाच खंडांचा ग्रंथ इंग्रजी वाचकांना समजावून सांगणारं पुस्तक मेरीने लिहावं, अशी त्याची विनंती होती. लाप्लासचं लेखन तेव्हाही अवघड म्हणून प्रसिद्ध होतं. तो आकृत्या देत नसे आणि मधल्या पायऱ्या वाचकावर सोडून देई. मेरीने दोन अटी घातल्या: ही गोष्ट गुप्त राहावी आणि जमलं नाही तर हस्तलिखित जाळून टाकावं.

त्यानंतरची तीनेक वर्षं तिने कशी काढली, हे मला सर्वांत जवळचं वाटतं. लंडनच्या चेल्सी भागातलं घर, मुलींचा अभ्यास, स्वयंपाकघरावर देखरेख आणि केव्हाही येऊन टेकणारे पाहुणे. तिच्या छोट्या खोलीत शेकोटी नव्हती, त्यामुळे थंडीत लिहायचं ते बैठकीच्या खोलीतच. दाराची घंटा वाजली की कागद लपवायचे, हसतमुखाने गप्पा मारायच्या आणि पाहुणे गेले की कागद पुन्हा काढायचे. पुरुषाला कामात असल्याचं सांगून सुटता येतं, बाईला ती सवलत नाही, ही तिची खंत होती. पण तिने एक सवय लावून घेतली होती. पुस्तकात खूण घालून ते मिटावं, तसा विचार मिटून ठेवायचा आणि नेमका तिथूनच उघडायचा. आमच्या कामात मध्येच फोन आला की डोक्यात मांडलेला सगळा डाव विस्कटतो आणि तो पुन्हा मांडायला बराच वेळ लागतो. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणींनी मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची औषधं आणि ऑफिस एकत्र सांभाळलं आहे. मेरीचं कौशल्य काय किमतीचं होतं, हे त्यांना मी सांगायला नको.

हस्तलिखित त्या स्वस्त मालेसाठी फार मोठं झालं. जॉन मरे या प्रकाशकाने ते १८३१ मध्ये ‘मेकॅनिझम ऑफ द हेवन्स’ या नावाने काढलं, ७५० प्रती. लाप्लासने गाळलेल्या पायऱ्या मेरीने भरल्या होत्या, आकृत्या काढल्या होत्या, समीकरणांचा अर्थ शब्दांत मांडला होता. केंब्रिजमध्ये ते पाठ्यपुस्तक म्हणून वापरलं गेलं. त्या विद्यापीठात मुलींना प्रवेशही नव्हता. रॉयल सोसायटीच्या सभासदांनी वर्गणी काढून तिचा अर्धपुतळा करवून घेतला. सभासदत्व मात्र त्या संस्थेने स्त्रियांना १९४५ मध्ये दिलं.

१८३४ मध्ये निघालेलं तिचं दुसरं पुस्तक, ‘ऑन द कनेक्शन ऑफ द फिजिकल सायन्सेस’, समीकरणांवाचून लिहिलेलं होतं. प्रकाश, उष्णता, वीज, चुंबकत्व, ग्रहांच्या गती यांचे आपसांतले धागे त्यात तिने दाखवले. विल्यम ह्यूएलने या पुस्तकाचं जे परीक्षण लिहिलं, त्यात ‘सायंटिस्ट’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या आणि मेरी ते नव्या शोधांनुसार सुधारत राहिली. युरेनसच्या मार्गातल्या विसंगतींवरून न दिसलेल्या एखाद्या ग्रहाचा अंदाज बांधता येईल, असं त्यात एके ठिकाणी तिने सुचवलं होतं. नेपच्यूनचं गणित मांडणाऱ्या अ‍ॅडम्सने आपल्याला ही कल्पना त्या वाक्यावरून सुचल्याचं पुढे विल्यमला सांगितलं.

हे सगळं सुखवस्तू घरातला छंद म्हणून चाललं होतं, असंही नाही. विश्वासातल्या माणसांमुळे घरची जवळजवळ सगळी पुंजी बुडाली. १८३५ मध्ये सरकारने तिला वर्षाला २०० पौंडांचं मानधन दिलं, दोन वर्षांनी ते ३०० झालं. पुढे विल्यमची तब्येत बिघडली आणि १८३८ मध्ये कुटुंब इटलीला गेलं. ग्रंथालयं आणि मित्रमंडळ लंडनमध्ये राहिलं, तरी ती लिहीत राहिली. भूगोलावरचं पुस्तक जवळजवळ तयार असताना हम्बोल्टचा ‘कॉसमॉस’ निघाला. आता आपलं जाळूनच टाकावं, असं तिच्या मनात आलं. विल्यमने आधी जॉन हर्शेलचं मत घ्यायला लावलं आणि हर्शेलने छापायला सांगितलं. १८४८ मध्ये ‘फिजिकल जिऑग्राफी’ प्रसिद्ध झालं आणि १८६९ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. दरम्यान स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून जॉन स्टुअर्ट मिलने संसदेकडे केलेल्या अर्जावर पहिली सही मेरीची होती.

एवढं करूनही म्हातारपणी ती स्वतःविषयी काय म्हणत होती? आपल्याला चिकाटी आहे, समज आहे, पण आपण नवा शोध एकही लावला नाही. ती प्रतिभा आपल्याला मिळालीच नाही. इथे माझं तिच्याशी पटत नाही. आपल्या बीजगणिताच्या बाई फळ्यावर एकही पायरी गाळत नसत, हे सगळ्यांना आठवत असेल. पुस्तकात दोन ओळींत संपलेलं उदाहरण त्या आठ ओळींत मांडत आणि मागच्या बाकावरची मान हलली की मगच फळा पुसत. बाईंनी कुठलाही शोध लावला नाही. पण आमच्यातले निम्मे जण त्या आठ ओळींच्या जोरावर पुढे गेले. दुसऱ्याचं काम सोपं करून सांगायचं, तर ते आधी स्वतःला पुरतं कळावं लागतं, आणि समोरच्याचं पाऊल कुठे अडतं आहे तेही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमणं फार दुर्मीळ. ऑफिसमध्ये उत्तम कोड लिहिणारे मला पुष्कळ भेटले. तो कोड नव्या माणसाला समजावणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

विल्यम १८६० मध्ये गेला, पाच वर्षांनी मोठा मुलगा. दुःखातून सावरायला तिने रेणू आणि सूक्ष्मजीवांवर नवं पुस्तक हाती घेतलं. ते प्रसिद्ध झालं तेव्हा ती ८८ वर्षांची होती. शेवटच्या वर्षात ऐकू कमी येई, नावं विसरायला होई, पण सकाळचे काही तास गणितासाठी राखून ठेवलेले असत. अंथरुणातच बसून ती चतुष्टयांचं बीजगणित सोडवत असे, आणि एखादं उदाहरण आज सुटलं नाही तर ते उद्यासाठी ठेवत असे.