विडाल टेस्टच्या पलीकडचे विडाल

ताप चार-पाच दिवस उतरला नाही की आपल्याकडे ‘विडाल’ करून घेतात. हे माणसाचं आडनाव आहे, हे रक्त देणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

फर्नांड विडाल १८६२ साली अल्जीरियातल्या डेलिस गावी जन्मले आणि पॅरिसमध्ये डॉक्टर, पुढे प्राध्यापक झाले. विषमज्वराच्या रुग्णाच्या सीरममध्ये टायफॉइडचे जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात, यावरून त्यांनी १८९६ मध्ये ती तपासणी बसवली. मूत्रपिंडाच्या आजारातली सूज मिठामुळे वाढते, हेही त्यांनी दाखवलं. अळणी जेवणाबद्दल बोटं मोडणाऱ्या माझ्या रुग्णांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही!

साठीला आलेल्या विडाल यांनी १९२२ मध्ये अब्रामी आणि लेरमॉये यांच्यासह एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिला दमा होता, नाकात पॉलिप म्हणजे मऊ कोंब होते आणि अ‍ॅस्पिरिन घेतलं की तिचा दमा उसळे. या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या आहेत, हे विडाल यांनी ओळखलं. अगदी थोड्या मात्रेपासून अ‍ॅस्पिरिन वाढवत नेऊन तिला ते सोसेल, असंही त्यांनी करून पाहिलं. आजही हा उपचार होतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरी कधीही नाही.

लेख फ्रेंचमध्ये होता. फारसा कुणी वाचला नाही. १९२९ मध्ये विडाल गेले. १९६८ मध्ये अमेरिकेत सॅम्टर आणि बिअर्स यांनी हेच त्रिकूट पुन्हा मांडलं आणि आजाराला सॅम्टरचं नाव पडलं.

आमच्या ओपीडीत हे त्रिकूट अजूनही तुकड्या-तुकड्यांनी येतं. नाक चोंदतं, वास येत नाही, सायनस भरतात, म्हणून रुग्ण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. पॉलिप काढले तरी पुन्हा वाढतात. दम्यासाठी डॉक्टर वेगळे. डोकेदुखीची गोळी परस्पर दुकानातून. ती घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक गळू लागतं, डोळे लाल होतात, धाप लागते. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे त्वचेच्या चाचणीत सापडत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही असंच होतं. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालतं. म्हणून दम्याच्या रुग्णाला मी आधी नाकाबद्दल विचारतो, मग गोळ्यांबद्दल.

फ्रान्समध्ये या आजाराला अजून विडाल यांचंच नाव आहे.