लक्ष्मीबाई टिळक : उशिरा हाती आलेली लेखणी

मराठी आत्मचरित्राचा विचार ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाला वगळून करता येत नाही. मात्र ग्रंथाकडे वळण्यापूर्वी लेखिकेची शैक्षणिक पात्रता काय होती, हे आपण पाहू. ती नव्हतीच. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नाही. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून आणि तीही तुटकतुटक. नोकरी, संसार आणि मुलेबाळे सांभाळून आपण आज पदवीचा अभ्यास करीत असाल, तर हे चरित्र आपल्याला परके वाटणार नाही.

त्यांचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याने घरातील सर्वांचा श्वास कोंडलेला असे. 1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी होते, विद्वान होते, उदार होते. आणि संसाराच्या दृष्टीने पाहिले तर विलक्षण बेभरवशाचेही होते. नोकरी केव्हा सोडतील, हातातले पैसे कोणाला देऊन येतील, याचा नेम नसे. अशा पुरुषाबरोबर गावोगाव फिरताना ही मुलगी माणसे पारखायला शिकली. पुस्तकांतून मिळाले नाही ते तिला स्वयंपाकघरात आणि प्रवासात मिळाले.

1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळातील ब्राह्मण कुटुंबात या घटनेचा अर्थ काय होता, याची कल्पना आज करणे कठीण आहे. पती जिवंत असूनही दुरावला होता. लहान मुलाला, दत्तूला, घेऊन लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने काढली. त्यांची पद्यरचना या दुःखाच्या काळात रुजली, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवावी. काव्यशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. ओवी-अभंगांचे वळण मात्र कानात लहानपणापासून मुरलेले होते.

पुढे त्या पतीकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. टिळक तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. लक्ष्मीबाई आल्या खऱ्या, पण त्यांनी धर्म बदलला नाही. आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. पतीवर प्रेम आहे, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नाही, ही कोंडी त्यांनी रोजच्या व्यवहारात भोगली. जातिभेद माणसाने निर्माण केला असून देवाचा त्यात हात नाही, असे त्यांना हळूहळू उमगू लागले. 1900 मध्ये राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय पतीच्या पावलावर पाऊल टाकून घेतलेला नाही. पाच वर्षे स्वतःशी भांडून त्या तेथवर पोहोचल्या होत्या. त्यांच्या गद्यातील स्पष्टपणाचे मूळ मला तरी या पाच वर्षांत दिसते.

नगरचे टिळकांचे घर म्हणजे माणसांचा राबता. अनाथ मुले, विद्यार्थी, धर्मजिज्ञासू आणि कवी यांची तेथे सतत ये-जा असे. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. या भावनाप्रधान, रुसव्या तरुणाचे त्यांनी रेखाटलेले चित्र बालकवींच्या चरित्रकारांना टाळता येत नाही. घरात दोन कवी असले, तरी त्या दिवसाचे पीठ-मीठ कोठून आणायचे, याचा विचार तिसऱ्याच व्यक्तीला करावा लागे. आणि ती तिसरी व्यक्तीही कविता करीत होती.

1919 मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. पतीकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईने पतीच्याच अपुऱ्या काव्याचा मोठा भाग लिहावा, ही वाङ्मयेतिहासातील असामान्य घटना होय. तरीही वाचकांच्या मनात त्या राहिल्या आहेत गद्यामुळेच.

पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. आठवणी टिळकांच्या म्हणून सुरू झाल्या आणि लिहिता लिहिता लेखिकेच्या झाल्या. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे 1910 मधील पुस्तक शेजारी ठेवून पाहा. त्यांनाही पतीनेच शिकविले. परंतु तेथे पतीविषयीचा आदर लेखणीला सतत मर्यादेत ठेवतो. लक्ष्मीबाई टिळकांवर रागावतात, त्यांच्या विसराळूपणाला हसतात आणि त्याच ओघात त्यांचे मोठेपण दाखवितात. त्या स्वतःलाही सोडत नाहीत. वडिलांचे सोवळे सांगताना त्यांच्या लेखणीत विनोद आहे, पण तुच्छता नाही. छळलेल्या माणसाने छळणाऱ्याकडे असे पाहणे सोपे नसते.

त्यांची वाक्ये लहान व बोलण्याच्या लयीतील आहेत. संस्कृतप्रचुर भाषा त्यांना अवगत नव्हती, हे समीक्षक गुण म्हणून सांगतात. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. न शिकलेली सगळीच माणसे असे लिहीत नाहीत. कोणता प्रसंग कोठे तोडावा आणि हसू कोठे आवरावे, याची जाण त्यांनी वर्षानुवर्षे ऐकून आणि सांगून कमावलेली होती.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा लेखिका सहासष्ट वर्षांच्या होत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. चौथा भाग त्यानंतर निघाला आणि त्याचा शेवट देवदत्तांनी पूर्ण केला. पुस्तक हाती आल्यावर राहुरीची प्रकरणे प्रथम मोठ्याने वाचा. टिपणे नंतर काढा.