शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर, १८८४ - २ सप्टेंबर, १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुणे येथील महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेचे संस्थापक-संचालक होते. त्यांचा जन्म मालवण येथे झाला.

संशोधन

मुंबईत अध्यापन करीत असताना आघारकरांनी सह्याद्रीत भ्रमंती करून वनस्पती व प्राण्यांचे नमुने जमविले. सातारा जिल्ह्यातील नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळले. या प्रजातीचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतच ज्ञात होते. नेल्सन ॲनंडेल यांनी या जातीचे लिम्नोक्निडा इंडिका असे नामकरण केले. आघारकरांनी १९१२ साली नेचर या नियतकालिकात या शोधाची माहिती दिली.

कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून निवड झाल्यावर ते उच्च अध्ययनासाठी जर्मनीस गेले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध भडकले आणि ब्रिटिश प्रजाजन या नात्याने त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तरीही अभ्यास न सोडता त्यांनी १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारतातील कोरड्या व क्षारयुक्त प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार आणि उगम हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

संस्थाकार्य

कलकत्त्याहून १९४६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रांती न घेता महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या उभारणीस वाहून घेतले व अखेरपर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. १९९२ पासून तिची प्रयोगशाळा आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

शैवाकांचा अभ्यास

आघारकरांच्या पश्चात ही संस्था शैवाकांच्या, म्हणजेच दगडफुलांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र बनली. शैवाक म्हणजे कवक व शैवल यांचे सहजीवन होय. झाडांच्या फांद्यांवरून दाढीसारखे लोंबणारे अस्निया हे शैवाक धागा हळूच ओढून ओळखता येते: वरची साल तुटते आणि आतील पांढरा, लवचिक कणा दिसतो. जात ठरविण्यासाठी मात्र शाखांची ठेवण, पुनरुत्पादक अवयव आणि रासायनिक घटक तपासावे लागतात. पश्चिम घाटावरून नाव मिळालेल्या अस्निया घाटेन्सिस या जातीचे संवर्धन या संस्थेच्या प्रयोगशाळेत करण्यात आले. रानातून नमुना आणून त्याची नेमकी ओळख पटविण्याची आघारकरांची परंपरा अशा रीतीने पुढे चालू राहिली.