डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहेच. वाटमारी झालेल्या त्या मनुष्याच्या जखमांसाठी लूकने जो ग्रीक शब्द योजिला, तोच आजच्या वैद्यकशास्त्रातला 'ट्रॉमा'. मनाच्या आघातालाही आता हेच नाव आहे. आघात सोसलेल्या रुग्णास विचारल्यावाचून स्पर्श करू नये, पुढे काय करणार ते आधी सांगावे, त्याची लाज राखावी, हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविण्याचा आग्रह आज धरला जातो. ही परिभाषा नव्हती तेव्हा स्त्रीरुग्णांची लाज व भीती जाणून जी डॉक्टर भारतात आली, तिची ओळख आपण करून घ्यावी.

मेरी ग्लोरी यांचा जन्म १८८७ साली ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया प्रांतात झाला. मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी १९१० साली मिळविली. शहरात त्यांचा जम बसला होता. १९१५ साली स्कॉटिश डॉक्टर अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन यांच्याविषयीची पुस्तिका त्यांच्या हाती पडली. पुरुष डॉक्टरांपुढे येण्याचा संकोच, आणि त्यापायी उपचारावाचून दगावणाऱ्या माता व बाळे, हे वाचून त्यांनी आपला मार्ग ठरविला. १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग यांत एम.डी. होऊन १९२० च्या फेब्रुवारीत त्या गुंटूरला पोहोचल्या व धर्मभगिनी झाल्या.

येथे एक मोठी अडचण होती. धर्मभगिनींनी वैद्यकी करणे चर्चच्या नियमांना मान्य नव्हते. प्रसूती तर दूरच. नियमामागे व्रतस्थ जीवनाची काळजी होती हे मान्य; पण तिची किंमत परक्या घरच्या बाळंतिणी मोजीत होत्या, हे विसरता येत नाही. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी मेरी यांना खास परवानगी दिली. सर्वांसाठी ही वाट खुली व्हायला मात्र १९३६ साल उजाडले.

गुंटूरच्या लहानशा दवाखान्याचे सेंट जोसेफ इस्पितळ झाले. एकट्या डॉक्टरने किती पुरावे? म्हणून त्यांनी स्थानिक मुलींना औषधे देणे, सुईणपण व परिचर्या शिकविली. ज्या हातांची रुग्णबाईला भीती वाटत नाही, ते हातच शिकवून तयार करणे, हे मला त्यांचे सर्वांत दूरदर्शी काम वाटते. १९४३ साली त्यांनी कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना उभारली. ख्रिस्ती दृष्टीने डॉक्टर घडविणारे महाविद्यालय भारतात व्हावे, ही त्यांची तळमळ होती.

५ मे १९५७ रोजी बंगळुरू येथे कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. त्याच शहरात १९६३ साली सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या विद्यार्थ्यांनी प्रवेश केला.