देवी आणि गोवर यांचा भेद सांगणारे हकीम राझी

लेकराला ताप भरला आणि अंगावर पुरळ उठले की आई-वडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा आजार नेमका कोणता? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर देणाऱ्यांत अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी यांचे नाव अग्रभागी आहे.

हिजरी 251, म्हणजे इ.स. 865 च्या सुमारास, आजच्या तेहरानजवळील रै या शहरी त्यांचा जन्म झाला. वैद्यकाकडे ते तसे उशिराच वळले. परंतु पुढे रै आणि बगदाद येथील रुग्णालयांचे प्रमुख झाले. ज्यांना हकीम परवडत नाही, अशा गोरगरिबांसाठी त्यांनी घरगुती उपचारांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या काही तात्त्विक मतांवर उलेमांनी आक्षेप घेतले, हे खरे; पण रुग्णसेवेतील त्यांचे ऋण सर्वांनीच मानले.

त्यांचा ‘अल-जुदरी वल-हस्बा’ हा छोटा ग्रंथ देवी आणि गोवर या दोन आजारांवर आहे. तोवर बहुतेक हकीम दोहोंना एकाच जातीचे समजत. राझींनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. देवीत पाठदुखी अधिक असते, तर गोवरात मळमळ, बेचैनी आणि जिवाची घालमेल अधिक, असे त्यांनी नोंदवले. रुग्णाचे डोळे आणि घसा जपण्याचे उपायही त्यांनी सांगितले. पुढे या ग्रंथाची लॅटिन व इतर युरोपीय भाषांत भाषांतरे झाली.

विषाणू पाहण्याची साधने त्या काळी नव्हती. रक्ताला उकळी फुटल्याने पुरळ येते, असे राझी मानत. एकाचा आजार दुसऱ्याला कसा लागतो, याचा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. गोवराचा विषाणू 1954 साली वेगळा करण्यात आला. तो खोकल्या-शिंकेतून पसरतो, बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत रुग्णाकडून इतरांना लागतो.

आता विचार करा. साथ असलेल्या गावी जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग गोवर झालेल्या मुलाला मदरशात, शाळेत किंवा लग्नघरी नेणे तिच्याशी कसे जुळेल?

लसीमुळे देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली तसे जाहीर केले. गोवर मात्र टिकून आहे. 2022 साली मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, त्याने कोवळे जीव नेले. त्याची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते: पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. दुसरी मात्रा चुकवू नका. दुआ अवश्य करा, पण दुआ हे डॉक्टरकडे न जाण्याचे निमित्त होऊ देऊ नका. इलाज करणे हीदेखील आपल्या दीनचीच शिकवण आहे.

आयुष्याच्या अखेरीस राझींची दृष्टी गेली. हिजरी 313, इ.स. 925 च्या सुमारास रै येथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी डोळसपणे पाहिलेले मात्र आजही आपल्या कामी येते. अल्लाह आपल्या लेकरांना आफियत देवो आणि त्यांना जपण्याची समज आपल्याला देवो. आमीन.